जहांगीरबाहेरच्या फुटपाथवरच्या चित्रकार दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

काळा घोडा महोत्सवातल्या रविवारी दुपारी, जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर तुम्ही एका कॉलेजच्या मुलीचं पोर्ट्रेट काढत होतात. तेव्हा काठी टेकत तुमच्या मागे येऊन उभे राहिले ते माझे अप्पा. कोल्हापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी पोरं सुट्टीत घरी बोलावून त्यांच्याकडून स्थिरचित्र, स्मरणचित्र घोटून घेणारे सर.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. डोक्यात सगळं लख्ख असतं, पण शब्द ओठांवर यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. डॉक्टर मला विचारतात, नातेवाईक मला विचारतात. समोर बसलेल्या माणसाची तब्येत मी सांगायची!

त्या दिवशी सकाळीही तेच झालं होतं. कुठल्या दालनात ते लिहीत नाही. तिथल्या एका जलरंगातल्या चित्राबद्दल अप्पांना विचारायचं होतं. पहिलं अक्षर फुटायच्या आत तिथल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. "यांना काय हवंय?" आणि लगेच, "गर्दी आहे, यांना बाहेर बसवलंत तर बरं." भिंतीवरच्या चित्रांपुढे आवाज खाली आणून बोलणारी माणसं ही. जिवंत माणसापुढे का नाही?

त्यानंतर अप्पा मिटले. बाहेर रॅम्पार्ट रो रस्त्यावर पथनाट्य रंगात आलं होतं, ढोलकी वाजत होती, त्यांनी मान वर केली नाही. पूर्वी मुंबईला आले की जहांगीरमधल्या समोवार कॅफेत चहा घेतल्याशिवाय ते परतत नसत. ते २०१५ सालीच बंद झालं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी पाय तिकडेच वळले. म्हणून तुमच्यापाशी पोचलो.

तुमच्या कागदाकडे बघत अप्पा "ह... ह..." करू लागले. मी सवयीने मध्ये बोलणार, तोच तुम्ही मला हातानेच थांबवलंत. पेन्सिल खाली घेतलीत, स्टुलावर मागे वळलात आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलात. ती मुलगी बसून होती, मागे गिऱ्हाईकं उभी होती, एकाने घड्याळही बघितलं. तुम्ही हलला नाहीत.

"हनुवटी... लहान."

तुम्ही मुलीकडे बघितलंत, कागदाकडे बघितलंत. "बरोबर आहे, सर." खोडरबर फिरवून हनुवटीची रेघ केसभर खाली आणलीत. मग पुन्हा वळलात. "आता?"

आणि पुन्हा थांबलात.

"मानेची... सावली," अप्पा म्हणाले. तुम्ही ती गडद केलीत.

ते सर आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आम्ही तर नाही.

दादा, तुम्हाला बसायला छप्पर नाही, गिऱ्हाईक गेलं तर दिवसाची कमाई जाते. तरी सबंध दिवसात अप्पांना वेळ देणारे तुम्हीच निघालात. पुढे तुम्ही त्यांचंही चित्र काढलंत, पाटीवर लिहिलेलेच पैसे घेतलेत, त्याबद्दलही आभार. दया म्हणून कमी केले असते तर त्यांना ते लागलं असतं. माणसाचा मान राखणं याला ना पदवी लागते ना पैसा. आपल्याकडे अशी माणसं आहेत, पुष्कळ आहेत, फक्त ती बहुधा खुर्चीवर नसतात.

त्या संध्याकाळी गाडीत अप्पा आपणहून बोलायला लागले. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्या रंकाळा तलावाच्या चित्रांबद्दल, पनवेल येईपर्यंत. एकेक वाक्याला वेळ लागत होता. मी मध्ये बोलले नाही. ते मी तुमच्याकडून शिकले.

आता ते डाव्या हाताने रेघा मारायला बसतात. पुढच्या महोत्सवाला आईलाही घेऊन येतोय, तिचं पोर्ट्रेट तुमच्याकडूनच करून घ्यायचं आहे. अप्पा शेजारी उभे राहून सांगतीलच.

आपली,
कोल्हापूरच्या एका चित्रकला शिक्षकाची मुलगी