अमेरिकेतील लायसन्स : अधिकार राज्याचा, अटी केंद्राच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत ७ मे २०२५ पासून ‘रिअल आयडी’ची, म्हणजे राज्याचे लायसन्स केंद्रीय कामांसाठी ओळखपत्र म्हणून चालण्याच्या अटी घालणाऱ्या कायद्याची, अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हापासून वॉशिंग्टनने सगळ्या राज्यांना नवे ड्रायव्हिंग लायसन्स काढायला भाग पाडले, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो बरोबर नाही. ज्यांची मुलेबाळे तिकडे नोकरीला आहेत त्यांना या गैरसमजाची झळ पोहोचते, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ हा संसदेचा कायदा आहे; आरटीओ राज्याचे असले तरी लायसन्सचे मूळ नियम देशभर एकच आहेत. अमेरिकेत मात्र लायसन्स देणे हा मुळातच राज्याचा अधिकार आहे. केंद्राने राज्यांच्या यंत्रणेला आपले कार्यक्रम राबवण्याचा हुकूम सोडता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये बजावले आहे. त्यामुळे केंद्राला वेगळा मार्ग शोधावा लागतो. दारूसाठी किमान वय २१ करायचे होते तेव्हा, १९८४ मध्ये, ऐकणार नाहीत त्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद झाली. साउथ डकोटा हे राज्य त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले.

‘रिअल आयडी’ कायदा मे २००५ मध्ये लष्करी खर्च आणि त्सुनामी मदतीच्या पुरवणी विधेयकाला जोडून मंजूर झाला. त्यात निधीची कपात नाही. राज्याने हवे ते लायसन्स द्यावे, पण ते आमच्या अटींत बसत नसेल तर विमानतळावर, केंद्रीय कार्यालयांत आणि अणुऊर्जा प्रकल्पांत आम्ही ते ओळखपत्र म्हणून मानणार नाही, एवढेच तो म्हणतो. मेन राज्याच्या विधिमंडळाने जानेवारी २००७ मध्ये याविरुद्ध ठराव केला, त्याच वर्षी मोंटानाने नकाराचा कायदाच केला आणि मे २००८ ची मूळ मुदत सरकत सरकत सतरा वर्षे पुढे गेली. आजही वैध पासपोर्ट दाखवून विमानात बसता येते, भारतीय पासपोर्टसुद्धा चालतो. तेव्हा पालकांनी त्या बाबतीत घाबरू नये.

राज्याचा कायदा केंद्राच्या मान्यतेवर कसा अवलंबून राहतो, याचे बोलके उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्यांनाही लायसन्स देणारे विधेयक तिथे २०१३ मध्ये मंजूर झाले. पण अटींत न बसणारे कार्ड वेगळे ओळखू आले पाहिजे आणि ते केंद्रीय कामासाठी चालणार नाही हे त्यावर छापले पाहिजे, असे केंद्रीय कायद्यातच असल्यामुळे, कार्डाच्या दर्शनी बाजूला कोणते शब्द छापायचे यावरून राज्याचा पहिला नमुना केंद्राने फेटाळला. अखेर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ (केंद्रीय मर्यादा लागू) हे शब्द समोर आले आणि जानेवारी २०१५ पासून वाटप सुरू झाले.

आता मुख्य प्रश्न. ‘रिअल आयडी’च्या अटींप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला अधिकृत वास्तव्याच्या मुदतीपुरतेच लायसन्स मिळते आणि ते तात्पुरते आहे हे कार्डावर दिसावे लागते. एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसाची मुदतवाढ वेळेत मागितली, तर निर्णय होईपर्यंत त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत नोकरी करण्याची परवानगी केंद्रच देते. लायसन्स मात्र जुन्या तारखेलाच संपते. ग्रीन कार्डाचा अंतिम अर्ज प्रलंबित असलेल्यांचा लायसन्ससाठी पात्र ठरणाऱ्यांच्या कायद्यातील यादीत नावानिशी उल्लेख आहे. एच-१बीच्या मुदतवाढीची वाट पाहणाऱ्यांचा नाही. माझा मुलगा दक्षिणेकडील एका राज्यात आहे. अर्जाची पोचपावती घेऊन तो लायसन्सच्या कार्यालयात गेला, तेव्हा मंजुरीचा कागद आणा, असे सांगून त्याला परत पाठवले गेले. कामावर जाण्याचा हक्क होता, पण गाडी चालवत जाण्याचा नव्हता, आणि त्या गावात बस नाही. सुनेचा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज स्वतंत्रपणे चालतो, त्यामुळे मुलांना शाळेत सोडण्याचीही तीच अडचण झाली. रीतसर कर भरणाऱ्या कुटुंबाला असे महिनोन्‌महिने शेजाऱ्यांच्या गाडीवर अवलंबून ठेवणे हा अन्याय आहे, असे मला वाटते.

हा अन्याय दूर करण्यासाठी वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. ‘रिअल आयडी’च्या अटींत न बसणारे साधे लायसन्स देण्याची मुभा प्रत्येक राज्याला आजही आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी ही राज्ये त्यासाठी व्हिसाची विचारपूसही करत नाहीत. इतर अनेक राज्ये साध्या लायसन्सलाही वैध वास्तव्याचा पुरावा मागतात, पण ती अट त्यांच्या स्वतःच्या कायद्यातली आहे आणि ती बदलणे त्यांच्या विधिमंडळाच्या हातात आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाने, म्हणजे उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या संघटनेने, आणि तिथल्या गावोगावच्या मराठी मंडळांनी आपापल्या राज्याच्या आमदारांकडे एकच नेमकी मागणी करावी : वेळेत केलेल्या अर्जाच्या पोचपावतीवर, केंद्राने नोकरीसाठी दिलेल्या त्याच २४० दिवसांकरिता, अर्जदाराला आणि त्याच्या जोडीदाराला साधे लायसन्स मिळावे.

आपला,
एक वाचक, पुणे