अनुराधपूरहून आल्यावर

आई, बाबा, नमस्कार.

फोनवर सगळं सांगता येत नाही, मध्येच रेंज जाते, म्हणून लिहितेय. पोयाला (म्हणजे पौर्णिमा, इथे श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते) ऑफिसमधल्या मुली मला अनुराधपूरला घेऊन गेल्या. तिथला बोधिवृक्ष अशोकाच्या लेकीने, संघमित्राने आणलेल्या फांदीचा मानतात. पांढरे कपडे घातलेली, अनवाणी, हातात कमळं घेतलेली एवढी गर्दी की आपली आषाढी आठवली.

आपल्याला शाळेत अशोक म्हणजे कलिंगचं युद्ध आणि सारनाथचे सिंह, बास. इथे तो फक्त संघमित्रा आणि तिचा भाऊ महिंद यांचा बाप! आधी भाऊ महिंद आला, मिहिंतलेच्या डोंगरावर त्याला राजा देवानंपियतिस्स भेटला, मग राणी अनुलाला भिक्षुणी व्हायचं होतं पण भिक्षूंना बाईला दीक्षा देता येत नाही, म्हणून बहिणीला बोलावणं गेलं. मला हेच फार आवडलं, ती बायकांसाठी आली, झाड सोबत आणलं. तिचा मुलगा सुमन तर मामाबरोबर आधीच आला होता. आणि या भावंडांची आई देवी, ती विदिशाच्या व्यापाऱ्याची मुलगी, असं महावंस या इथल्या जुन्या पाली ग्रंथात आहे.

गंमत म्हणजे अशोकाच्या एकाही शिलालेखात या दोघांचं नाव नाही. दगडावर मुलाचं नाव एकच, तीवर, तेही त्याची आई कारुवाकी हिच्या दानाचा हुकूम अलाहाबादच्या खांबावर कोरलाय म्हणून. त्या तीवराचं पुढे काय झालं कोणाला पत्ता नाही. अशोकाच्या नातवाने, दशरथाने आजीविकांना (तेव्हाचा एक संन्यासी पंथ) नागार्जुनी डोंगरातल्या गुहा दिल्या, आणि अशोकानंतर 50 वर्षांच्या आसपास शेवटच्या मौर्य राजाला, बृहद्रथाला त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्राने मारलं, संपलं राज्य. लेखांतला ‘पियदसी’ राजा म्हणजे अशोक हेसुद्धा 1837 मध्ये टर्नर या इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथल्या पाली ग्रंथांवरून जुळवलं, म्हणजे बापाची ओळखसुद्धा लेकरांच्या गावाने राखली.

बाबा, तुम्ही रोज नालासोपाऱ्याहून लोकल पकडायचात ना, तिथेच 1882 मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला होता, मुंबईच्या म्युझियममध्ये ठेवलाय, आईला घेऊन बघून या.

आणि डिसेंबरच्या पोयाला इकडे याच, ती संघमित्राच्या येण्याची पौर्णिमा. मिहिंतलेला 1840 पायऱ्या आहेत पण आईच्या गुडघ्यांचं टेन्शन नको, गाडी बरीच वर जाते. पासपोर्टची तारीख तेवढी आजच बघा.

तुमची,
ताई