पाम लावण्याआधी तिथली हवा मोजा

मा. केंद्रीय कृषिमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी कोकणातला. वैशाखात देवराईत शिरले की पानांचा, चिकाचा दाट वास येतो. झाडे हवेत वायू सोडत असतात, त्याची ती खूण. उष्ण कटिबंधातल्या जंगलांतून सर्वाधिक सुटणारा असा वायू म्हणजे आयसोप्रीन. उन्हात त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारे सेंद्रिय कण तयार होतात. ॲमेझॉनच्या पावसाळ्यात ढगांचे थेंब धरतात ते बहुतांशी जंगलानेच घडवलेल्या कणांवर.

हे कृषिमंत्र्यांना कशासाठी? पामतेलासाठी.

2021 मध्ये 11,040 कोटी रुपयांचे पामतेल अभियान मंजूर झाले. त्याचा मुख्य भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे. 2008 मध्ये बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबा प्रांतात शास्त्रज्ञांनी जंगल आणि शेजारची पामची लागवड, दोन्हींवरची हवा मोजली. पाम जंगलापेक्षा कितीतरी जास्त आयसोप्रीन सोडत होता. शिवाय खते आणि वाहने यांमुळे तिथे नायट्रोजन ऑक्साइडही जास्त होते. हे दोन्ही एकत्र आले की जमिनीलगत ओझोन वाढतो, आणि तो माणसांच्या फुफ्फुसांना व उभ्या पिकांना, दोघांनाही घातक. नायट्रोजन ऑक्साइडने कणांचे गणितही बदलते: ब्राझीलच्या मनाउस शहराचा धूर जंगलावर गेला की सेंद्रिय कणांची निर्मिती सरासरी 60 ते 200 टक्क्यांनी वाढते, असे 2019 च्या अभ्यासात दिसले.

खाद्यतेल आयात करावे लागते, याची मला जाणीव आहे. पण झूम शेतीनंतर (जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती) मोकळी सोडलेली जमीन कागदावर पडीक दिसली, तरी तिथे पुन्हा जंगल उभे राहत असते. ती पामखाली गेली की तिथली झाडे जातात आणि त्यांच्यासोबत हवाही बदलते. ‘हिरवे आच्छादन’ या रकान्यात मात्र काहीच फरक दिसत नाही. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

म्हणून विनंती अशी की, ईशान्येत नवी रोपे वाटण्याआधी निवडलेल्या जिल्ह्यांत आयसोप्रीन, नायट्रोजन ऑक्साइड, ओझोन आणि सेंद्रिय कण यांची निदान एक वर्षभर मोजणी व्हावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे. या कामाचा अनुभव देशात आहे. आकडे लोकांसमोर ठेवावेत आणि खतांची मात्रा त्यानुसार ठरवावी. पाम एकदा लावला की पंचवीस वर्षे हलत नाही. मोजणीला एक वर्ष पुरे.

आपला,
कोकणातील एक नागरिक