उष्णतेने खराब झालेल्या ग्विदाल्बेर्तोबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आयात केलेल्या वाइनच्या दोन खराब बाटल्या आणि त्याबाबत आपल्याकडून आलेले उत्तर

महोदय,

मे महिन्यात आपल्या पुण्यातील दुकानातून मी तेनुता सान ग्विदो या इटालियन वायनरीच्या ‘ग्विदाल्बेर्तो’ २०२१ च्या दोन बाटल्या विकत घेतल्या. भाऊ आणि वहिनी जेवायला आले होते, त्या रात्री पहिली उघडली. तोंडावरचे वेष्टन जागेवरून फिरेना. ते कापून काढले तेव्हा बूच काचेच्या कडेपेक्षा चांगले दोन-तीन मिलिमीटर वर आलेले दिसले आणि वेष्टनाच्या आतल्या बाजूला वाइन वाळून चिकटली होती. बूच ओढून काढले, तर त्याच्या एका अंगाने खालपासून वरपर्यंत जांभळा ओघळ होता. पेल्यात ओतल्यावर कडेला विटकरी झाक दिसत होती. वास फळाचा नव्हे, मनुका पाकात फार वेळ आटवत ठेवाव्यात तसा येत होता. चवीत आंबटपणाची धार उरलेलीच नव्हती. दुसरी बाटली मी उघडलेली नाही, पण तिचेही बूच वेष्टनाखाली फुगून वर आल्याचे बोटाला लागते.

दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन मी हे दाखवले. त्यानंतर आपले लेखी उत्तर आले: रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला ठेवायची असते, चव व्यक्तीपरत्वे बदलते आणि उघडलेली बाटली परत घेतली जात नाही. या उत्तरामुळेच हे सविस्तर पत्र लिहावे लागत आहे.

रूम टेंपरेचर हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठीचा आहे, आणि तोही वाइन पिताना ती किती गार असावी याबद्दलचा, साठवणुकीबद्दलचा नाही. पेल्यातली रेड वाइन १६ ते १८ अंशांना चांगली लागते. ती वर्षानुवर्षे टिकवायची तर १२ ते १५ अंशांची अंधारी, स्थिर जागा लागते. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ३८-४० पर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. आपल्याच विक्रेत्याने मला सांगितले की हा माल भिवंडीच्या गोदामातून आला आणि तिथे एसी नाही. उष्णतेने वाइन प्रसरण पावते, बूच वर ढकलते आणि फटीतून झिरपते. रात्री तापमान उतरले की बाटली बाहेरची हवा आत ओढते. हे काही दिवस चालले की वाइन खराब होते. वर आलेले बूच, चिकट वेष्टन आणि ओघळ या तिन्ही खुणा डोळ्यांना दिसतात, त्यांत व्यक्तीपरत्वे बदलण्यासारखे काय आहे?

ही बाटली कुठून येते हे आपल्याला ठाऊक असणारच, कारण आपणच ती आणता. ही वायनरी ज्या बोल्गेरी गावाजवळ आहे ते इटलीतल्या तस्कनीच्या किनाऱ्यावर, लिव्होर्नो प्रांतात आहे. मी आणि माझे पती तिथे जाऊन आलो आहोत. सान ग्विदोच्या छोट्या प्रार्थनास्थळापासून गावापर्यंत जवळजवळ पाच किलोमीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सरूची (सायप्रसची) उंच झाडे, आणि समुद्रावरून येणारा वारा. ही झाडे एकोणिसाव्या शतकात ज्या ग्विदाल्बेर्तो देल्ला गेरारदेस्का यांनी लावली, त्यांचेच नाव या वाइनला दिले आहे. हा किनारा एके काळी दलदल आणि मलेरियासाठी कुप्रसिद्ध होता. तिथे मारिओ इन्चिसा देल्ला रोकेत्ता यांनी १९४४ मध्ये कॅबर्ने या द्राक्षाच्या वेली लावल्या, त्यातून याच वायनरीची ‘सासिकाया’ ही वाइन घडली आणि १९६८ ची वाइन पहिल्यांदा बाजारात आली. दिवसा ऊन आणि समुद्राची गार झुळूक, म्हणून द्राक्ष पिकते पण त्याचा ताजेपणा जात नाही. नेमका तोच ताजेपणा आपल्या गोदामाने काढून घेतला. वायनरीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्यांची मेहनत पत्र्याखाली शिजली याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट, आकाराने लहान असली तरी मला खटकलेली. बाटलीसोबत आपण जे माहितीचे कार्ड देता त्यात ग्विदाल्बेर्तो ही ‘सासिकायाच्या उरलेल्या द्राक्षांपासून केलेली, बोल्गेरी डीओसी दर्जाची’ वाइन असल्याचे छापले आहे (डीओसी म्हणजे इटलीतला ठरावीक भागाच्या वाइनचा कडक नियमांचा दर्जा). दोन्ही विधाने चूक आहेत. सासिकाया कॅबर्ने सोव्हिन्यों आणि कॅबर्ने फ्रांक या द्राक्षांची, तर ग्विदाल्बेर्तो कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो यांची. सासिकायात मर्लो नसतेच, मग ती उरणार कुठून? ग्विदाल्बेर्तो २००० सालापासून स्वतंत्र वाइन म्हणून केली जाते, तरुणपणीही पिता यावी अशा बेताने. दर्जाचे म्हणाल तर बाटलीवरच्या लेबलवर ‘तोस्काना आयजीटी’ असे, म्हणजे तस्कनीचा डीओसीहून सैल नियमांचा दर्जा, स्पष्ट लिहिले आहे. कार्ड छापण्याआधी कोणी लेबल वाचले असते तरी पुरे होते. ग्राहक या कार्डावर विश्वास ठेवून पैसे मोजतो. आयात शुल्क आणि राज्याचे कर धरून ही बाटली इथे इटलीतल्या भावाच्या कितीतरी पट महाग पडते. तेवढे पैसे घेणाऱ्याकडून थंड गोदाम आणि खरी माहिती या किमान अपेक्षा आहेत.

‘उघडलेली बाटली परत नाही’ हा नियम वाइनला लावताच येत नाही. आतला दोष उघडल्याशिवाय कळणार कसा? पहिल्या बाटलीतली जवळजवळ सगळी वाइन बुचासकट मी फ्रिजमध्ये जपून ठेवली आहे. वाइनची जाण असलेल्या आपल्या कोणाही माणसाला पाठवा, त्याच्यासमोर मी दुसरी बाटली उघडायला तयार आहे.

दोन्ही बाटल्यांची पूर्ण रक्कम परत करावी. बदली बाटल्या मला नकोत, कारण त्याही त्याच गोदामातून येतील. त्या खेपेतला उरलेला माल तपासून होईपर्यंत विक्रीतून काढावा, कार्ड दुरुस्त करावे आणि उन्हाळ्यात माल कोणत्या तापमानाला ठेवला जातो हे मला लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, बूच व वेष्टनाची छायाचित्रे, माहिती-कार्डाची प्रत, आपल्या उत्तराची प्रत