बाबांच्या रिपोर्टातला ३४

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. रविवारी डिचोलीहून निघताना तुम्ही रिपोर्ट दाखवलात. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ३४, पुढे ठळक खूण. ‘चांगलंच कमी, मग राहिलं काय?’ हे तुमचं वाक्य बसमध्ये ताळगावपर्यंत माझ्यासोबत होतं.

प्रयोगशाळेत मी जे बघते ते हेच. आई, खोबरेल लागलेली कढई नुसत्या पाण्याने निघते का? पाणी ओतलं की तेलाचे थेंब कडेला चिकटून बसतात. पेशीचंही तसंच. तिचं आवरण चरबीचं आणि बाहेर सगळं पाणी. जादा कोलेस्टेरॉल बहुतेक पेशींना मोडून संपवता येत नाही, ते बाहेरच काढावं लागतं. त्यासाठी आवरणात आरपार एक प्रथिन बसलेलं असतं, एबीसीए-१. ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड नावाची चरबी बाहेर काढतं. रक्तातलं एपो-ए-१ नावाचं प्रथिन ते उचलतं आणि त्यातूनच एचडीएल तयार होतं. पुढे बराचसा माल यकृताकडे, तिथून पित्तात.

एबीसीए-१चा हा दरवाजा बंद पडला तर काय होतं, हे १९६१ मध्ये अमेरिकेतल्या टँजियर बेटावरच्या मुलांमुळे कळलं. टॉन्सिल नारिंगी झालेले, कारण आत चरबी साठलेली, आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नाहीच. दोष याच प्रथिनाच्या जनुकात आहे हे सापडायला १९९९ उजाडलं. ते वाचते तेव्हा दर वेळी मला त्या मुलांच्या आयांची आठवण येते.

पण बाबा, तुमचं तसं नाही. पणजी-बेतीची फेरीबोट आठवा. बोट म्हणजे एचडीएल, माणसं म्हणजे कोलेस्टेरॉल. रिपोर्टातला ३४ म्हणजे या घडीला सगळ्या बोटींत मिळून किती माणसं बसली आहेत, एवढंच. धक्क्यावरून किती माणसं किती वेगाने चढताहेत, ते त्यात दिसत नाही. म्हणूनच नुसता आकडा वाढवणारी औषधं फसली. टॉर्सेट्रॅपिबने एचडीएल भरपूर वाढलं, तरी २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते.

तेव्हा बाजारातून कुणी ‘चांगलं वाढवतं’ म्हणून गळ्यात मारलेली ती पूड बंद करा. एलडीएलची, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलची, रोजची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. तिचा फायदा पक्का आहे. संध्याकाळचं चालणं चालू ठेवा. आई, माशांच्या हुमणाला नारळ थोडा हात राखून घाल, बंद नको करू. बाबांचं जेवण त्याविना होत नाही, हे मला ठाऊक आहे.

चवथीच्या दोन दिवस आधी येते. गणपतीवरच्या माटोळीचं सामान आणायला बाबांनी एकट्याने जाऊ नये.

तुमची,
बाय