सुभ्या, दिगूबद्दल आहे

भुसावळ, रविवार रात्र

प्रिय सुभ्या,

फोन केला असता तर "बघू रे, होईल सगळं नीट" म्हणून तू दोन मिनिटांत ठेवून दिला असतास. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर दिगूकडून वाचून घेऊ नकोस. हा जोक किती वाईट आहे ते पुढे कळेल.

आमच्या तब्येती ठीक. शुगर आहे तिथेच आहे. थंडी कडक पडलीय, दाजींच्या सावद्याच्या केळीवर चरका पडलाय. असो.

परवा दिगूला रेस्ट होती. नाईट शोला चल म्हणाला, गेलो जळगावला. पिक्चर टुकार. गावात रोज खून आणि रोज पाऊस, तरी कुणाच्या बुटाला चिखल नाही. इन्स्पेक्टर रात्री बारालाही काळा चष्मा लावून तपास करतो. विहिरीतून बाई वर काढली तर लिपस्टिक जागच्या जागी! इंटरव्हलच्या आत खुनी सांगून टाकायची दिगूची खोड तुला माहीतच आहे. त्यापायी टॉकीजात आपण किती शिव्या खाल्ल्या. मी वाटच बघत होतो, पण तो गप्प.

मग तो चिठ्ठीचा सीन आला. मेलेल्याच्या खिशातली चिठ्ठी, पडदाभर अक्षरं. दिगू माझ्या कानाशी वाकला. "काय लिहिलंय रे?"

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, तुझ्या सासऱ्याचं नाव आहे. हसला नाही. डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिला. शेवटी मी वाचून दाखवलं, "दवाखान्याच्या मागे ये," आणि तेच त्याने हळू आवाजात परत म्हटलं. इंजिनात असिस्टंटने सिग्नल पुकारला की ड्रायव्हर तोच परत पुकारतो, अगदी तसं.

पोटात गोळा आला रे. पुढचा पिक्चर मी पाहिलाच नाही. (खुनी कंपाउंडर होता. तू तिकिटाचे पैसे घालवू नकोस.) मागचं एकेक आठवत बसलो. आत जाताना पायऱ्यांना लाइट असूनही याने माझा खांदा धरला होता. काउंटरवर पैसे माझ्या हातात दिले, "तुला काय पाहिजे ते घे," बोर्डाकडे मान वर केली नाही. आणि निघताना गाडीची किल्ली माझ्याकडे! स्वतःच्या गाडीचं स्टिअरिंग दिगूने आजवर कुणाला दिलंय? हायवेला समोरून ट्रकचे लाइट आले की तोंड फिरवायचा.

नशिराबादजवळ चहाला थांबलो तेव्हा विचारलं, डोळे दाखवलेस का? म्हणाला, "नाईटा लागून आल्या भो, झोप नाही झाली." आणि लगेच घराच्या हप्त्यावर आला, मग पोराच्या फीवर. झोपेचंही असेल. नुसता मोतीबिंदूही असेल, काढला की मोकळा. पण हा माणूस मालगाडी चालवतो, इथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला कोळसा नेतो. ५८ वाघिणी मागे, ब्रेक लावला तरी लोड लगेच थांबत नाही. रात्री लांबून सिग्नलला एक पिवळा की दोन पिवळे, एवढ्यावर सगळं अवलंबून. शेजारी असिस्टंट असतो, मान्य. पण तो कालचा पोरगा असला आणि त्याला डुलकी लागली तर?

मार्चमध्ये मेडिकल आहे, तिथे कळेलच, असं तू म्हणशील. मार्चपर्यंत रात्री किती आहेत? आणि अनफिट झाला तरी रेल्वे घरी बसवत नाही, दुसऱ्या कामावर घेते, हे त्याला आपल्याहून चांगलं ठाऊक आहे. पण गाडी चालवल्याचा भत्ता, मायलेज, जातो, आणि हप्ता मायलेजवरच चाललाय. मंगलवहिनींना सांगावं तर त्या घर डोक्यावर घेतील. ड्रायव्हरांच्या ड्युट्या लागतात त्या लॉबीत जाऊन सांगायला जीभ उचलत नाही. न सांगता झोपही लागत नाही.

हे तुलाच का लिहितोय ते तुला कळलं असेल. रंग ओळखायच्या त्या ठिपक्यांच्या पुस्तकात आकडा दिसला नाही म्हणून तू रेल्वेच्या मेडिकलमधून परत आलास, त्या दिवशी दिगू जे बोलला ते मी विसरलेलो नाही. तूही नाहीस. त्याच्या लग्नात तू पंगतीला बसला नाहीस, आणि सुरतेहून येण्याजाण्याचं भाडं मात्र माझ्याकडून घेतलंस. ते अजून बाकी आहे, लिहून ठेवलंय. त्या वेळी तो तुला जे बोलला तेच आज तू त्याला म्हणशील का, की "भोगू दे त्याला"? तू तसं म्हणणार नाहीस. मनात येईल, एवढंच.

माझं बोलणं तो थट्टेवारी नेतो. तुझ्यासमोर त्याला थट्टा करता येणार नाही. निदान चिडेल, आणि चिडला की खरं बोलतो.

आत्ता तो मेहुणीच्या लग्नाला अमळनेरला आहे, मंगळवारी रात्री परत. गुरुवारी लाइनवर. तू मंगळवारी इकडे ये. बुधवारी दुपारी मळ्यात भरीत करू, कळण्याची भाकरी दाजींकडून येईल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच संध्याकाळी तिघांचाही नंबर लावतो. चाळिशी आपल्याला सगळ्यांनाच लागलीय, त्याला एकट्याला नेतोय असं वाटायला नको. नाहीच ऐकलं तर लॉबीत मी जाईन, पण तू सोबत हवास.

पोरीच्या नीटचं काय झालं? फ्लॅटची चावी मिळाली म्हणे, अभिनंदन, पेढे राहिले. वहिनींना नमस्कार. काकूंचा गुडघा कसा आहे ते आल्यावर सांग.

आज रात्रीच कळव. नंबर उद्या सकाळी दहाच्या आत लावावा लागतो.

तुझा,
नंद्या