कुळाच्या घराचा माग

एडिंबरा

प्रिय शालू,

सप्रेम नमस्कार. इथे राहून दिवसभर करतेस काय, असं विचारलंस. सध्या मी सूनबाईच्या आईकडचं घराणं शोधण्यात गुंतले आहे. अ‍ॅबर्डीनशरमधल्या टार्व्हस पॅरिशमधली ही माणसं. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग.) पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला, पण जमीन दुसऱ्याची. म्हणजे आपल्या भाषेत कुळंच. तुझे-माझे वडीलही कुळं होते, म्हणून असेल, पण या लोकांत माझा जीव अडकलाय.

स्कॉटलंडमध्ये जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद १६१७ पासून आहे. पण त्या वह्यांत मालक असतो, साध्या पट्ट्यावर कसणारा नसतो. त्यामुळे कुळाला शोधायचं तर खानेसुमारी, चर्चची पुस्तकं, जमीनदाराचं दप्तर असं दुसऱ्यांच्या कागदांतून शोधावं लागतं. १८४१ च्या खानेसुमारीत आमचा म्हातारा सापडला: ‘शेतकरी, वय ६०’. पण पंधराच्या वरच्या माणसांची वयं त्या वर्षी पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत, म्हणजे तो ६४ चाही असू शकतो. घरातल्या कुणाचं कुणाशी काय नातं, तेही त्यात नाही. १८५१ मध्ये मात्र नातं आलं, जन्माचं पॅरिश आलं, किती एकर कसतो आणि मजूर किती तेही आलं. त्याच घराखाली शेतावरचे गडी आणि एक गुराखी पोरगाही लिहिलेला आहे. गडी बहुतेक सहामाही बोलीवर राहायचे, म्हणून दहा वर्षांनी त्यातलं एकही नाव तिथे नाही. कुळाचा निदान पत्ता तरी लागतो, गड्याचा तोही नाही.

आणि मग १८५५. शालू, हे वर्ष म्हणजे घबाड आहे! १ जानेवारी १८५५ पासून इथे जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली, आणि पहिल्याच वर्षी सरकारने इतकं काही विचारलं की कारकून मेटाकुटीला आले. पुढच्याच वर्षी बरेच रकाने काढून टाकले. आमचा म्हातारा नेमका त्याच शरद ऋतूत गेला. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यात आई-वडिलांची नावं आहेत, जन्मगाव आहे, बायकोचं नाव आहे, आणि झालेली सगळी मुलं क्रमाने, वयांसकट. गेलेलीसुद्धा. एक मुलगी चार वर्षांची होऊन गेली होती. तिची दुसरी कुठलीच नोंद मला मिळालेली नाही. मी तो दाखला सूनबाईला मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्या मुलीच्या नावाशी आम्ही दोघी थांबलो. तो चार महिने आणखी जगला असता, तर ती पोर कायमची पुसली गेली असती.

नातवंडांतल्या धाकट्यांचे बाप्तिस्मे पॅरिशच्या पुस्तकात नाहीत. १८४३ मध्ये चर्च फुटलं आणि हे घर फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेलं, म्हणून.

म्हाताऱ्यामागे शेत थोरल्याकडे आलं. पट्टा म्हाताऱ्याच्या वेळचाच, १९ वर्षांचा, इकडची तेव्हाची नेहमीची मुदत. १८५५ पासून दरवर्षी आकारणीची यादी निघायची. तिच्यात मालक, कूळ, ताबा कुणाचा आणि वर्षाचा खंड. मी एकेक वर्ष उलटत गेले. थोरल्याचं नाव, पुन्हा त्याचंच नाव, खंड तोच. आणि १८६९ ला तिथे दुसरंच कोणी, खंडही चढलेला. कारण कुठेच लिहिलेलं नाही, पण मला ते त्या चढलेल्या आकड्यात दिसतं. रेल्वे आल्यापासून अ‍ॅबर्डीनची गुरं थेट लंडनच्या बाजारात जात होती, जमिनीला मागणी होती. जनावरं विकून सुधारलेली जमीन मुदत संपताच सोडायची, आणि घातलेल्या खताचा, खणलेल्या चरांचा मोबदला मागायचा कायदेशीर हक्क नाही. तो कायदा आला १८८३ मध्ये. १८७१ च्या खानेसुमारीत हाच माणूस अ‍ॅबर्डीन शहरात गाडीवान आहे.

ते वाचलं आणि मला आपल्याकडचा १ एप्रिल १९५७ आठवला. त्या तारखेला कुळकायद्याने माझे वडील मालक झाले. या थोरल्याच्या नशिबी तसा दिवस आला नाही.

एक गोष्ट मात्र इकडे फार चांगली. बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही कागदावर राहतं, दाखल्यावर आणि थडग्यावरही. म्हणून म्हाताऱ्याच्या बायकोचं माहेर मला सापडलं, शेजारच्याच मेथलिक पॅरिशमधलं. आणि माझ्या सख्ख्या आजीचं? लग्नात तिचं नाव बदललं, आडनाव बदललं, मुळात ती कोण होती हे घरात कुणाला ठाऊक नाही. याची मला खरोखर खंत वाटते.

तुझ्या आत्याबाई तिच्या शेजारी वाढल्या. त्यांना विचारशील का? माहेरचं गाव, आडनाव आणि लग्नाआधीचं नाव, एवढं पुरे. जमलं तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड कर आणि पाठव. त्यांची तब्येत बघता, दिवाळीची वाट पाहू नकोस.

तुझीच,
विमल